दाखला नसलेली मुलं

सकाळी सहाला कोर्ट भरत नाही. सप्टेंबर १९७७मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावात मात्र ते भरलं. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी वेळ मुद्दाम आडनिडी ठेवली होती. दावा लावणाऱ्या चार मेक्सिकन कुटुंबांकडे अमेरिकेत राहण्याचे कागद नव्हते आणि कोर्टाच्या पायरीवरच कुणी धरलं असतं तर खटला राहिला असता बाजूला. मुलं सोळा. १९७५ साली राज्याने कायदा करून अशा मुलांसाठी शाळांना मिळणारा पैसा थांबवला आणि गावच्या शाळा मंडळाने प्रत्येक मुलामागे वर्षाला १००० डॉलर फी लावली. आईबाप गाड्यांमध्ये घरचं सामान भरूनच आले होते. हद्दपारी झालीच तर बांधाबांध करायला वेळ मिळणार नाही, एवढा हिशेब त्यांनी केला होता.

हाच खटला पुढे 'प्लायलर विरुद्ध डो' म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिलं, आणि अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी शाळेला कागद नसल्याच्या कारणावरून बारावीपर्यंत मुलाला नाकारता येणार नाही असं ठरलं. निकालाचं श्रेय न्यायमूर्तींना मिळतं, ते ठीकच आहे. पण त्या पहाटेच्या आधी काय काय झालं ते पाहावं. चर्चमध्ये काम करणारा एक कार्यकर्ता त्या कुटुंबांच्या घरी गेला. त्याने गावातला एक वकील गाठला. त्या वकिलाने मोठ्या संस्थेच्या वकिलांना बोलावून घेतलं. कुटुंबांची खरी नावं कागदावर येऊ नयेत म्हणून 'डो' हे टोपणनाव मागून घेतलं गेलं. यातलं एकही काम भाषणाचं नाही. ओळखी, फोन, गाडी आणि गुप्तता, एवढ्यावर ते उभं राहिलं.

'समाजाचा पाठिंबा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा येतो, फलक येतात. त्यांची गरज नाही असं नाही. पण कागद नसलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत सहानुभूती तारखेच्या आत कागदावर उतरली नाही तर तिचा उपयोग शून्य. कारण त्याचा सगळा झगडा तारखांशीच असतो.

पहिली तारीख अठराव्या वाढदिवसाची. १९९६च्या कायद्याने 'बेकायदा वास्तव्याचे दिवस' मोजण्याची पद्धत आणली. हे दिवस १८ वर्षं पुरी होईपर्यंत मोजले जात नाहीत. त्यानंतर घड्याळ सुरू. १८० दिवसांपेक्षा जास्त झाले आणि माणूस देशाबाहेर पडला, तर तीन वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष भरलं असेल तर दहा वर्षं. ही बंदी लागते ती बाहेर पाऊल टाकताक्षणी. म्हणजे साडेअठरा वर्षांच्या आत मायदेशी जाऊन विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणारा मुलगा आणि तीच गोष्ट एकोणीस पूर्ण झाल्यावर करणारा मुलगा, यांच्या नशिबात दहा वर्षांचा फरक पडतो. त्या साडेअठराच्या आतल्या मुलालाही व्हिसा मिळेलच असं नाही, पण दार निदान बाहेरून बंद झालेलं नसतं. शाळेतल्या समुपदेशकाला हे माहीत असतंच असं नाही. आणि मुलाला तर बहुतेक वेळा आपल्याकडे कागद नाहीत हेच सोळाव्या-सतराव्या वर्षी, ड्रायव्हिंग लायसन्सची वेळ आल्यावर कळतं. आईवडिलांनी तोवर 'नंतर बघू' म्हणत दिवस काढलेले असतात.

म्हणून जाणती माणसं बारावीची वाट पाहत नाहीत. नववी-दहावीतच मूल एकदा वकिलासमोर बसवतात. तिथे पहिला प्रश्न असतो, तू आलास कसा? विमानाने, व्हिसावर, अधिकाऱ्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि मग मुदत उलटली? की सीमेवरून, कुणी तपासलं नाही असा? वरवर दोन्ही 'बेकायदा'च. कायद्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. शिक्का मारून आलेला माणूस उद्या अमेरिकी नागरिकाशी लग्न करून, इतर अडचण नसेल तर, देशात राहूनच ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो. न तपासता आलेल्याला साधारणपणे बाहेर जाऊन यावं लागतं, आणि बाहेर गेला की दहा वर्षांची बंदी. त्यामुळे जुना पासपोर्ट, त्यातला शिक्का, आगमनाची नोंद असलेला आय-९४चा कपटा, हे जपायचं. कितीतरी घरांत मुदत संपलेला पासपोर्ट घाबरून फाडून टाकलेला असतो. आपण कायदेशीर मार्गाने आत आलो होतो याचा हातात असलेला सर्वांत सोपा पुरावा तोच होता हे नंतर कळतं.

त्याच भेटीत आणखी गोष्टी विचारल्या जातात. बापाने टाकलं का? घरात मारहाण होती का? मूल किंवा आई कुठल्या गंभीर गुन्ह्याला बळी पडली होती का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' असेल तर अल्पवयीनांसाठीचा एक खास मार्ग आहे. राज्याच्या कोर्टाने असं लिहून द्यावं लागतं की एका किंवा दोन्ही पालकांकडे परत जाणं शक्य नाही आणि मायदेशी पाठवणं मुलाच्या हिताचं नाही. मग एकविसाव्या वाढदिवसाच्या आत आय-३६० हा अर्ज. मेख अशी की पुष्कळ राज्यांत मुलांच्या कोर्टाचा अधिकार अठराव्या वर्षीच संपतो, म्हणजे केंद्राची मुदत एकवीस असली तरी प्रत्यक्षातली मुदत अठरा. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा यू व्हिसा वर्षाला १०,००० एवढाच निघतो, आणि त्यासाठी पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांनी सही केलेलं प्रमाणपत्र लागतं, जे सहा महिन्यांत वापरलं नाही तर शिळं होतं. हे प्रश्न आपल्याकडच्या 'घरातली गोष्ट घरात' या शिस्तीत वाढलेल्या आयांना विचारणं सोपं नाही. वकील दहा मिनिटांत विचारून मोकळा होतो आणि 'नाही' लिहून घेतो. शेजारची मावशी असेल तर तिसऱ्या चहाला खरं बाहेर येतं. पाठिंबा देणाऱ्यांची खरी जागा इथे आहे.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग चुकीकडे वळू. एका चौकोनात केलेली खूण. कॉलेजच्या अर्जात, नोकरीच्या आय-९ फॉर्मवर, लायसन्स काढताना समोर सरकवलेल्या मतदार नोंदणीच्या कागदावर एक ओळ असते: मी अमेरिकेचा नागरिक आहे. काउंटरवरची बाई घाईने म्हणते, 'इथे टिक कर.' मूल करतं. नागरिक असल्याचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यातला जवळपास कायमचा डाग आहे. त्याला माफीची तरतूद अत्यंत अरुंद आहे. पुढे लग्न झालं, कायदा बदलला, तरी ही खूण आडवी येते. केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा 'फाफ्सा' अर्ज कागद नसलेल्यांसाठी नाहीच. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी स्वतंत्र अर्ज ठेवले आहेत. पण वर्गातल्या सगळ्यांना एकदम संगणकावर बसवून 'फाफ्सा भरा' म्हणणाऱ्या शाळा आहेत, आणि मूल वर्गासमोर हात वर करून 'मला चालत नाही' म्हणत नाही. शिक्षकाने एवढंच करायचं: सुरुवातीला सगळ्या वर्गाला सांगायचं की दोन प्रकारचे अर्ज असतात, कोणता आपला ते घरी विचारून या. कुणाला वेगळं काढायचं नाही.

आणि मग ते चार अक्षरी प्रकरण, DACA, म्हणजे लहानपणी आलेल्यांची हद्दपारी पुढे ढकलण्याचा कार्यक्रम. मराठीत लिहिलं की ते 'डाका' होतं, आणि विरोधकांना नेमकं तेच म्हणायचं असतं, त्यामुळे या लिप्यंतराचं हसूही येतं. प्लायलर निकालाला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, १५ जून २०१२ला, ओबामा सरकारने तो जाहीर केला. सोळाव्या वाढदिवसाआधी आलेले, त्या दिवशी एकतीसच्या आतले, १५ जून २००७पासून सलग इथेच असलेले, शाळेत किंवा शाळा पुरी केलेले, गंभीर गुन्हा नसलेले. अशांना दोन वर्षांपुरती हद्दपारीपासून मोकळीक आणि काम करण्याची परवानगी. हा दर्जा नव्हे, ग्रीन कार्डकडे जाणारी वाटही नव्हे. आज पाच लाखांहून थोडे जास्त लोक त्यावर जगतात. २०१७च्या ५ सप्टेंबरला तो बंद करण्याची घोषणा झाली, १८ जून २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा पाच-चारने रद्द केली, आणि जुलै २०२१मध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशाने नवे अर्ज मंजूर करणं थांबवलं. म्हणजे आज बारावीत असलेल्या मुलाला हा मार्ग उपलब्ध नाहीच. २००७नंतर जन्मलेलं किंवा आलेलं मूल त्या अटीतच बसत नाही. लहानपणी आलेल्या अशा मुलांना 'ड्रीमर' म्हणतात, आणि ते नाव घेतलं की लोकांना अजून तेच अठरा वर्षांचे पदवीच्या टोपीतले चेहरे आठवतात. ते चेहरे आता तिशी-चाळिशीत आहेत, त्यांची स्वतःची मुलं शाळेत आहेत.

ज्यांना 'डाका' आधीच मिळालेला आहे त्यांचं नूतनीकरण चालू आहे, आणि तिथे लोकांच्या हातांची रोज गरज लागते. चर्चच्या तळघरात किंवा ग्रंथालयाच्या खोलीत शनिवारी शिबिर लागतं. चार टेबलं. पहिल्यावर कागद तपासणी, दुसऱ्यावर अर्ज भरणं, तिसऱ्यावर वकील, चौथ्यावर झेरॉक्स आणि पाकीट. एका अर्जाला तास ते दीड तास धरायचा. एका वकिलामागे भरणारे पाच-सहा पुरतात, त्याहून जास्त ठेवले तर वकिलाच्या टेबलापुढे रांग लागते आणि दुपारी तीनला लोक पोरं घेऊन निघून जातात. अर्ज तीन: आय-८२१डी, आय-७६५ आणि त्याची एक पानी पुरवणी. आय-७६५मध्ये पात्रतेचा गट विचारतात, तिथे 'सी ३३' लिहायचं. तो रकाना रिकामा राहणं ही अगदी नेहमीची चूक. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते. जुन्या आवृत्तीवर भरलेला अर्ज परत येतो, म्हणून गेल्या शिबिरातले उरलेले छापील गठ्ठे वापरायचे नाहीत, मन कितीही हळहळलं तरी. ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत लागते. मागची बाजू विसरतात. सही पेनाने.

फी ऑनलाइन ५५५ डॉलर, कागदी अर्जाला ६०५. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीपासून कागदी चेक आणि मनी ऑर्डर घेणं बंद झालं. कार्डाचा किंवा बँक खात्याचा फॉर्म जोडावा लागतो. प्रीपेड कार्डावर दोन डॉलर कमी असले तरी व्यवहार नाकारला जातो आणि अख्खं पाकीट परत. अर्ज करायचा तो मुदत संपायच्या १५० ते १२० दिवस आधी. मुदत उलटून वर्ष झालं तर तो 'नवा अर्ज' मानतात, आणि नवे अर्ज तर पडून आहेत. घर बदललं तर दहा दिवसांत कळवायचं, कारण कामाचं कार्ड टपालखातं नव्या पत्त्यावर पुढे पाठवत नाही, ते परत जातं. आणि टपालावर किती विसंबायचं? २०१७च्या शरद ऋतूत, ५ ऑक्टोबर ही नूतनीकरणाची शेवटची तारीख असताना, वेळेत टाकलेली काही पाकिटं टपालातच अडकली आणि 'उशिरा आली' म्हणून नाकारली गेली. बोंबाबोंब झाल्यावर ती पुन्हा पाठवायला परवानगी मिळाली. ज्यांनी पाठवल्याची पावती जपली होती त्यांचं काम सोपं झालं.

पैशाच्या बाजूने एक गोष्ट मराठी माणसाला पटकन कळेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन ॲसेट फंड या संस्थेने स्थलांतरितांमधली भिशीच उचलली. दहा-बारा जण, दर महिन्याला ठरावीक रक्कम, पाळीपाळीने उचल, व्याज शून्य. फरक एवढाच की प्रत्येकाने वेळेवर भरलेला हप्ता पतनोंदणी कंपन्यांना कळवायचा, म्हणजे बँकेत नाव नसलेल्या माणसाची पत तयार होते. २०१७च्या त्या महिन्याभराच्या घाईत याच संस्थेने हजारो मुलांची ४९५ डॉलर फी भरून टाकली. आपल्याकडे भिशी म्हणजे बायकांचा विरंगुळा, असं तोंड वाकडं करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शिबिरातल्या स्वयंसेवकाने एक लक्ष्मणरेषा पाळायची. भरून द्यायचं, सल्ला द्यायचा नाही. सल्ला फक्त वकिलाने किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीने. 'माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं' या वाक्याने जितके अर्ज बुडालेत तितके सरकारनेही बुडवले नसतील. लॅटिन अमेरिकेत 'नोटारियो' म्हणजे मोठा कायदेपंडित, अमेरिकेत नोटरी म्हणजे फक्त सही पाहून शिक्का मारणारा, आणि या शब्दाच्या घोळावर फसवणुकीची दुकानं चालतात. आपल्याकडेही नोटरी हा वकीलच असतो, कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला. त्यामुळे भारतातून आलेला माणूसही त्या पाटीला तितकाच भुलतो.

मराठी माणसाने कामाला यावं अशी आणखी एक जागा म्हणजे भाषांतर. गावाकडचा जन्मदाखला मराठीत, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर अर्जदाराखेरीज दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही करावं आणि खाली लिहावं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात, मग सही, नाव, पत्ता, तारीख. नोटरी लागत नाही. शिक्के, हातच्या नोंदी, खाडाखोडसुद्धा चौकटी कंसात सांगायची. चुका कुठे होतात? नावात. दाखल्यावर फक्त 'राजू', पासपोर्टवर राजेंद्र. मधलं नाव वडिलांचं, ते अमेरिकी फॉर्मने कधी आडनावात ढकललेलं, कधी गाळलेलं. आडनावाची जागा पासपोर्टात रिकामी, म्हणून नाव आडनावाच्या जागी सरकतं आणि नावाच्या जागी 'अज्ञात'. भाषांतर करणारा हौसेने नाव 'दुरुस्त' करतो आणि तिथेच दोन कागद एकमेकांचे शत्रू होतात. जसं आहे तसं उतरवायचं. फरक असेल तर दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र करायचं.

पाठिंब्याची पत्रं हाही असाच हस्तकौशल्याचा भाग. कोर्टात किंवा हद्दपारी थांबवण्याच्या अर्जाला ती जोडतात. 'हुशार, नम्र, मेहनती' अशी विशेषणं लिहिलेली तीस पत्रं असली तरी ती एकाच पत्रासारखी वाचली जातात. चांगल्या पत्रात लिहिणारा कोण, मुलाला कधीपासून आणि कुठे ओळखतो, आठवड्यातून किती वेळा भेटतो, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या दोन गोष्टी असतात: आजोबांना डायलिसिसला कोण नेतं, गणिताची शिकवणी कुणाला देतो. तारीख, सही, पत्ता. लेटरहेड असेल तर उत्तम. आणि काय लिहायचं नाही? त्याने हॉटेलात रोखीने काम करून फी भरली, हे कौतुकाने लिहिलेलं वाक्य म्हणजे परवानगीविना काम केल्याचा लेखी पुरावा. वकिलाने वाचल्याशिवाय एकही पत्र बाहेर जाऊ द्यायचं नाही.

२००९ ते २०१२ या काळात कागद नसलेल्या तरुणांच्या 'युनायटेड वी ड्रीम' या संघटनेच्या मुलांनी या पत्रांची मोहीमच केली. कुणाला हद्दपारीची तारीख मिळाली की शिक्षक, पाद्री, नगरसेवक यांची पत्रं, इमिग्रेशनच्या स्थानिक कार्यालयात फॅक्स आणि फोनचा मारा, खासदाराच्या कचेरीत पाठपुरावा, सोबत आय-२४६ हा स्थगितीचा अर्ज. पुष्कळ मुलं त्या मोहिमांनी थांबली. पण त्याला नाव जाहीर करावं लागायचं. मार्च २०१०मध्ये शिकागोत काही मुलांनी भर चौकात 'माझ्याकडे कागद नाहीत आणि मला भीती नाही' असं सांगितलं, ती युक्ती त्या वेळच्या सरकारपुढे चालली. आज तोच सल्ला सरसकट देणं बेजबाबदारपणाचं ठरेल. नाव उघड करायचं की नाही हे मुलानेच, वकिलाशी बोलून, ठरवायचं. सभेला रंग यावा म्हणून त्याला माइकसमोर उभं करायचं नाही.

कॉलेजच्या फीचं राजकारण राज्याराज्यांत वेगळं आहे आणि तिथे गावपातळीवरचा दबाव सर्वांत जास्त चालतो. कागद नसलेल्या मुलांना राज्यातल्या मुलांइतकीच कमी फी लावणारं पहिलं राज्य टेक्सास, जून २००१, सही करणारे गव्हर्नर रिक पेरी, रिपब्लिकन. त्यामागे ह्यूस्टनमधला एक तरुण होता, ज्याला विमान दुरुस्ती शिकायची होती आणि कम्युनिटी कॉलेजची वाढीव फी झेपत नव्हती. मागोमाग कॅलिफोर्नियाचा तसाच कायदा, एबी ५४०. केंद्राचा कायदा म्हणतो की राज्याचा रहिवासी म्हणून अशांना सवलत द्याल तर ती देशातल्या प्रत्येक नागरिकाला द्यावी लागेल. त्यातून कॅलिफोर्नियाने पळवाट अशी काढली की अट रहिवासाची ठेवलीच नाही. तीन वर्षं राज्यातल्या हायस्कुलात शिकला, पास झाला, प्रतिज्ञापत्र दिलं, की झालं. मग तो नेवाडात राहायला गेलेला नागरिक असो की कागद नसलेला. टेक्सासने आपला कायदा रहिवासाच्या व्याख्येवर उभा केला होता. जून २०२५मध्ये केंद्राने दावा लावला, राज्याने त्याच दिवशी मान तुकवली आणि चोवीस वर्षांचा कायदा काही तासांत गेला. मसुद्यातल्या एका शब्दाची किंमत किती असते, ते इथे दिसतं.

जॉर्जियाने २०१०-११मध्ये उलटं केलं, राज्यातल्या वरच्या पाच विद्यापीठांची दारं या मुलांना बंद केली. तेव्हा अथेन्सच्या विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी 'फ्रीडम युनिव्हर्सिटी' सुरू केली. रविवारी, जागेचा पत्ता गुप्त, शिकवणी फुकट. पदवी मिळत नाही. पण तिथून तयारी करून मुलं दुसऱ्या राज्यांतल्या कॉलेजांत पूर्ण शिष्यवृत्तीवर गेली.

आता आपल्या घरातलं बोलू. अमेरिकेतल्या मराठी बैठकीत हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: 'आम्ही रांगेत उभे राहिलो, यांनी का नाही?' टायलरच्या त्या सोळा मुलांसाठी रांगच नव्हती. नातेवाईक नागरिक नाही, पदवी नाही, मालक नाही, तर उभं कुठे राहायचं? हे एक. दुसरं जास्त जवळचं आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाला त्यातली सात टक्के. त्यामुळे भारतीय इंजिनिअरची रांग दशकाहून लांब. त्याचं पोर तीन वर्षांचं असताना एच-४वर, म्हणजे आईबापांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, आलेलं. एकविसावा वाढदिवस आला की ते रांगेतून बाहेर पडतं. बापाचा अर्ज चालू राहतो, मुलाचा संपतो. २००२चा एक कायदा वयातून काही दिवस वजा करू देतो: मालकाचा अर्ज जितके दिवस सरकारकडे पडून होता तितके. अर्ज झटपट मंजूर व्हावा म्हणून जादा फी भरलेल्या घरांत ही वजाबाकी पंधरा दिवसांची निघते. हौसेने केलेली घाई मुलाच्या अंगावर येते ती अशी. शिवाय दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा-यादीतल्या कुठल्या तक्त्यावरून वय गोठवायचं हा नियम फेब्रुवारी २०२३मध्ये सैल झाला आणि १५ ऑगस्ट २०२५पासून पुन्हा कडक.

आणि ही मुलं 'डाका'त का नाहीत? कारण त्यात एक अट होती: १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसावा. आईबापांनी सगळे कागद चोख ठेवले म्हणून मुलं अपात्र. एबी ५४०च्या मूळ मजकुरातही तात्पुरत्या व्हिसावरचे विद्यार्थी वगळलेले होते. एकविशीत एच-४ सोडून विद्यार्थी व्हिसा घेतला की पहिलीपासून त्याच गावात शिकलेली मुलगी परदेशी विद्यार्थिनीची फी भरते, आणि शपथेवर सांगते की माझा इथे राहण्याचा इरादा नाही. हा बदल वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात करायचा नसतो. कॉलेजकडून आय-२० हा प्रवेशाचा दाखला घेऊन आय-५३९ हा व्हिसा-बदलाचा अर्ज एकवीस पूर्ण होण्यापूर्वी सरकारदरबारी पोचलेला हवा, म्हणून सहा-आठ महिने आधी हालचाल लागते.

या मुलांनी २०१७मध्ये 'इम्प्रूव्ह द ड्रीम' नावाची आपली संघटना उभी केली. मार्च २०२१मध्ये प्रतिनिधिगृहाने २२८ विरुद्ध १९७ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात कागद असलेली आणि नसलेली, दोन्ही मुलं एकत्र होती. सिनेटमध्ये ते अडलं. त्याआधी डिसेंबर २०१०मध्ये, लहानपणी आलेल्यांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणाऱ्या मूळ ड्रीम ॲक्टला सिनेटमध्ये ५५ मतं पडली होती, हवी होती ६०. पाच मतं. ही विधेयकं वेगवेगळी मागायची की एकत्र, यावर आपल्या लोकांत वाद आहे. 'आमची मुलं कायदेशीर आहेत, त्यांच्याशी आमचं नाव जोडू नका' असा एक सूर असतो. एकविसाव्या वाढदिवसानंतर महिनाभर अर्ज रखडला की त्यांच्यात आणि आपल्यात काय फरक उरतो, ते त्या सुरात सांगितलेलं नसतं.

फोन करायचा तर आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला. बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले म्हणून न्यू जर्सीच्या मराठी माणसाने त्यांच्या कचेरीत फोन फिरवून काही साधत नाही. तिथे पहिला प्रश्न पिनकोडचा असतो. स्वतःच्या भागातल्या कचेरीत प्रत्यक्ष वेळ घ्यावी, चार-पाच जणांनी जावं, त्यात एक मालक, एक शिक्षक असावा, विधेयकाचा क्रमांक सांगून 'सहप्रस्तावक व्हाल का' असा हो-नाहीचा प्रश्न विचारावा आणि दोन आठवड्यांनी उत्तर मागावं.

मंडळांना तर याहून सोपं काम आहे. गणपतीच्या वर्गणीतून मंडळं गुणी मुलांना शिष्यवृत्ती देतात. अर्जात एक रकाना असतो, सोशल सिक्युरिटी क्रमांक. तो बहुधा कुणीतरी कुठल्यातरी जुन्या अर्जावरून उतरवलेला असतो. एच-४वरच्या मुलीकडे तो नसतो, कागद नसलेल्या मुलाकडे नसतो. दोघंही तो रकाना पाहून अर्ज बंद करतात, आणि का भरला नाही हे कुणाला सांगत नाहीत. रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात विद्यार्थ्याच्या नावे भरता येते, निवडीसाठी तो क्रमांक लागत नाही. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हिशेब आणि हॉलचं भाडं झाल्यावर पाच मिनिटं उरतात, तेवढ्यात तो रकाना खोडता येतो.